काम करणाऱ्याचे नाव

माझी मावशी हट्टी आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. हट्टी माणूस कधीतरी दमतो. मावशी दमत नाही, ती समोरच्याला दमवते आणि वर विचारते, "का गं, तोंड का उतरलंय तुझं? जेवली नाहीस का?"

गल्लीत तिचं नाव टेस्टर. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला टेस्टर मावशीच म्हणतात, कारण सकाळी उठल्यापासून तिच्या अंबाड्यात टेस्टर खोचलेला असतो. कुणाच्या घरी गेली की बसायच्या आधी तिची नजर स्विचबोर्डावर जाते. "हा कुणी बसवला? डोळे मिटून बसवला का?" हे ती घरवाल्यांच्या तोंडावर विचारते. माझ्या लग्नाच्या फोटोंत ती कुठेच नाही. ती हॉलच्या मागे मेन स्विचपाशी उभी होती, कारण तिथली एक तार तिच्या हाताला गरम लागली होती.

वय अडुसष्ट. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या त्रेसष्ट. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "आता खाली यायला हवं." नशिबाने माझ्या आईच्या शेजारचीच तळमजल्यावरची जागा विकायला निघाली. त्या घरमालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. एक तारखेला त्याच्या दारात दुसरं गिऱ्हाईक उभं राहणार होतं. तोवर मावशीचं घर विकलं जायला हवं होतं. घ्यायला एक नर्सबाई तयार होत्या. जागा त्यांना आवडली, गॅलरी आवडली, मावशी तर फारच आवडली. मग त्यांच्या बँकेच्या वकिलाने कागद मागितले.

कागद म्हटलं की आमच्या घरात माझ्याकडे बोट जातं. मी विमा कचेरीत कारकून आहे. माझ्या जगात जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही. एखाद्याचं घर जळालं तरी आधी अर्ज लागतो. मी मावशीची पत्र्याची पेटी उघडली, फाइल लावली, अठरा कागद जमवले. एकोणिसावा सापडेना. वायरिंगचा दाखला. म्हणजे घरातलं विजेचं काम परवाना असलेल्या कंत्राटदाराने केलं आहे आणि ते नियमात आहे, असं त्याच्या सहीचं पत्र.

"मावशी, दाखला कुठंय?"

"कसला दाखला?"

"वायरिंगचा. काम कोणी केलं त्याचा."

"मी केलं," मावशी म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

हे मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण बँकेच्या वकिलाला "मावशीने केलं" असं कसं सांगणार?

ती विसाव्या वर्षी एका वीज कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये मोटारी भरायला लागली. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची आणि नवी गुंडाळायची, असं ते काम. त्या वर्कशॉपची एक रीत होती. मोटार बंद करायच्या आधी भरणाऱ्याने एक चिठ्ठी लिहायची. किती वेढे, कितव्या नंबरची तार, तारीख, खाली स्वतःचं नाव. चिठ्ठी मोटारीवरच्या डबीत ठेवून झाकण लावायचं. मोटार परत आली की आधी चिठ्ठी बघायची. ज्याची चिठ्ठी, त्याने ती मुकाट्याने पुन्हा भरायची. मावशीच्या चिठ्ठीच्या मोटारी परत येत नसत, असं ती सांगते. मी तिच्या जुन्या सोबतिणींना विचारलं. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षांत तीन आल्या, आणि तिसरी पाण्यात बुडाली होती.

मोटारींवरून ती हळूहळू भिंतींवर गेली. शाळा, दवाखाने, एक अख्खं थिएटर तिने तारा ओढून उजळवलं. पण परवान्याच्या परीक्षेला दहावी लागायची, आणि मावशीला सातवीतून काढून आजोबांनी घरी बसवलेलं. त्यामुळे परवाना मालकाचा, हात हिचे. काम झालं की मालक खिशातलं पेन काढून दाखल्यावर सही करायचे. एवढ्या इमारतींपैकी एकीच्याही कागदावर मावशीचं नाव नाही. हजेरीपुस्तकात ती लागली तेव्हा 'मदतनीस' होती आणि निवृत्त झाली तेव्हाही मदतनीसच. निरोपाच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तिने पहिल्याच आठवड्यात उघडलं आणि आतली जोडणी नीट करून पुन्हा लावलं.

हे घर तिने आणि काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तेवीस वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा भिंतींना नुसता गिलावा होता. दर रविवारी शिडीवर चढून तिने एकटीने तारा ओढल्या. अकरा बोर्ड. काका टेलर होते; ते खाली शिडी धरून उभे राहायचे आणि वर बघायचं टाळायचे, कारण त्यांना उंचीची भीती होती. दाखला घ्यायचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. स्वतःच्या घराला स्वतःचं पत्र कशाला?

कंत्राटदार मालक आता नाहीत. त्यांचा मुलगा वर्कशॉप चालवतो. मी त्याला फोन केला तर तो संध्याकाळीच त्रेसष्ट पायऱ्या चढून हजर झाला. मुलगा गुणी आहे. मावशीच्या पाया पडला, चहा घेतला आणि पिशवीतून एक पिवळट पॅड काढलं.

"मावशी, काळजी करू नका. बाबांनी सही करून ठेवलेले कोरे दाखले आहेत. गर्दीच्या वेळी लागायचे म्हणून ठेवायचे ते. जुनी तारीख टाकतो, पत्ता टाकतो, संपलं काम. तुमच्यासाठी काय पण."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, मी पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. आई, जी मुद्दाम रिक्षा करून आली होती, म्हणाली, "देव भलं करो रे तुझं."

मावशीने पॅड हातात घेतलं. चष्मा लावला. मोठ्याने वाचलं. "सदर काम माझ्या देखरेखीखाली, माझ्या कुशल कामगारांकडून करून घेतले आहे." मग चष्मा काढला.

"देखरेख? तुझ्या बाबांनी या घराचा जिना कधी चढला होता का रे?"

"नाही. म्हणजे कागदावर तसं लिहायचं असतं, मावशी."

"चाळीस वर्षं लिहिलं. ते त्यांचं काम होतं, त्यांची दुकानदारी होती, मी पगार घेतला, मी बोलले नाही. हे माझं घर आहे. इथं पण त्यांचंच नाव लावू?"

"नावाने काय होतंय?" आई म्हणाली.

"काही होत नसेल तर माझं लावा."

मुलगा खाली बघायला लागला. मावशीने पॅड त्याच्या पिशवीत परत घातलं आणि त्याला आणखी अर्धा कप चहा दिला. त्याच्यावर राग नव्हता तिचा. जाताना त्याला म्हणाली, "ती कोरी पानं फाडून टाक. उद्या कुणाचं घर जळलं तर मेलेल्या बापाला कोर्टात उभं करशील."

तो गेल्यावर आईने तिच्यावर जी तोफ डागली ती मी लिहीत नाही. दोघी सख्ख्या बहिणी, एकमेकींची सगळी वर्मं ठाऊक. मी तेवढ्यात नियमांचं पुस्तक चाळलं. दाखला नसेल तर वीज निरीक्षकाच्या कचेरीत अर्ज करून तपासणी मागता येते. साहेब येऊन सगळं मोजतात, बोर्ड उघडून बघतात, आणि घर सुरक्षित असेल तर तसा अहवाल देतात. बँकेला तो चालतो. मी मावशीला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं, ही तेवीस वर्षं याचीच वाट बघत होती.

"बोर्ड उघडणार?" तिने विचारलं. "सगळे?"

"सगळे."

"छान. मग चिठ्ठ्या वाचतील."

तेव्हा मला कळलं. मोटारींची रीत तिने घरालाही लावली होती. प्रत्येक बोर्डाच्या मागे, डबीच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली चिठ्ठी. मी घाईने हॉलमधला पहिला बोर्ड उघडायला लावला. मावशीने मेन स्विच पाडला, तरी टेस्टर लावून खात्री केली, मग चार स्क्रू काढले. तारा आत अशा बसल्या होत्या की शाळेतल्या मुलींच्या वेण्या आठवाव्यात. चिठ्ठी बाहेर आली. तारीख, तारेची जाडी, फेज कुठून आला, अर्थिंग कुठे गेलं, आणि खाली मावशीचं पूर्ण नाव, सातवीच्या वळणदार अक्षरात.

माझ्या कचेरीत मी हजारो कागद पाहिलेत. त्यातल्या निम्म्यांवर सही करणाऱ्याने ती वस्तू डोळ्यांनी बघितलेलीही नसते. ती चिठ्ठी हातात धरून मला लाज वाटली, कसली ते नक्की सांगता येणार नाही. मी म्हणाले, "मावशी, कागद हरवलाच नव्हता गं."

"मी कधी म्हटलं हरवला म्हणून?"

अर्ज गेला. साहेबांनी बावीस तारीख दिली. आदल्या दिवशी मी सगळ्या चिठ्ठ्या एकदा वाचून घ्याव्यात म्हणून बसले, कारण कुठलाही कागद साहेबांच्या हातात जाण्याआधी आपण वाचावा, हा माझा धर्म. सहा चिठ्ठ्या सोन्यासारख्या. सातवी स्वयंपाकघरातल्या गिझरच्या बोर्डामागची होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'तार दोन हात कमी पडली. दुकान बंद. डबीत जोड दिला आहे. सवडीने पूर्ण तार बदलणे.' आणि खाली, वेगळ्या शाईत: 'डबी टाइल्सखाली गेली. बसवणाऱ्याला मी सांगितलं नव्हतं. चूक माझी.'

जोड भिंतीत गाडलेला चालत नाही, एवढं मावशीमुळे मलाही माहीत आहे. जोडाची डबी उघडता आली पाहिजे. मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या टाइल्स, आणि त्यांतली एकही ओळ सरळ नाही. त्या टाइल्स काकांनी बसवल्या होत्या. ऑपरेशन होऊन ते घरी आले, शिवणयंत्रावर बसवत नव्हतं, आणि बायको दिवसभर कामावर. एके दिवशी मावशी घरी आली तर भिंत चकाचक, काका सिमेंटने माखलेले, चेहऱ्यावर दिवाणखाना सजवल्याचं समाधान. डबी कुठे गेली हे तिने विचारलं नाही. आठ महिन्यांनी काका गेले. अर्धा इंच वाकडा बोर्ड जिला बघवत नाही, तिने त्या वाकड्या भिंतीसमोर इतकी वर्षं स्वयंपाक केला.

"ही एक काढून ठेवू," मी म्हणाले. "मीटरने मोजलं तर जोड दिसणारच नाही ना?"

"नाही दिसणार. मी दिलेला जोड आहे. अजून शंभर वर्षं काही होणार नाही त्याला."

"मग झालं तर."

आईने माझी री ओढली. "अगं, साहेबांनी वाचलं तर भिंत फोडायला सांगतील. भाऊजींची भिंत आहे ती. आणि महिना संपायला उरलेत किती दिवस? वरच्या मजल्यावरच मरायचंय का तुला?"

मावशी सातव्या चिठ्ठीची घडी पुन्हा जशीच्या तशी घालत होती.

"ही काढली तर उरलेल्या दहांना काय अर्थ?" ती म्हणाली. "उद्या ती नर्सबाई त्या भिंतीत खिळा ठोकेल. तिला कोण सांगणार आत काय आहे? तू?"

"नर्सबाईंना तोंडी सांगू," मी म्हणाले.

"तोंडी!" मावशी म्हणाली. "विमा कचेरीतली तू, आणि मला सांगतेस तोंडी!"

चिठ्ठी जागेवर गेली. मला तिचा राग आला होता, मनापासून. घरी जाताना मी आईला म्हणाले की ही बाई स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्यात जगात पहिली येईल. आई म्हणाली, "आणि बक्षीस घ्यायला लंगडत जाईल."

साहेब आले ते बारीक, शांत, पन्नाशीचे. बरोबर मोजायचं यंत्र, मेगर. तारेच्या वरचं आवरण अजून धड आहे की नाही ते त्यावर कळतं. त्यांनी एकेक खोली घेतली. आकडे बघून भुवया वर करत राहिले. तीन बोर्ड झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे काम कुठल्या कंपनीचं?"

"बघा की मागे," मावशी म्हणाली.

त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मावशीकडे पाहिलं. पुढचे बोर्ड मात्र त्यांनी जरा भरभर उघडले, चिठ्ठीसाठीच. सातव्यापाशी ते बराच वेळ थांबले. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले; मला ते बघवेना.

"बाई," ते म्हणाले, "ही चिठ्ठी नसती तर मला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"आता मला हे सोडता येणार नाही. जोड काढून सलग तार टाकावी लागेल. परवानाधारकाकडून. मी सव्वीसला परत येतो."

"या," मावशी म्हणाली.

परवानाधारक मी शोधला, चांगला चाळिशीचा, दोन कानांवर दोन पेन्सिली. तो हातोडा उचलणार तर मावशीने तो त्याच्या हातातून घेतला. टाइल्स तिने स्वतः काढल्या. फोडल्या नाहीत, छिन्नी कडेने सारत, एकेक सुटी केली. नऊ टाइल्स. पाच तुटल्या, चार अखंड निघाल्या. ती रडत होती आणि रडणं लपवत नव्हती. "बघ," ती मला म्हणाली, "सिमेंट केवढं घातलंय. शर्टाला अस्तर लावावं तसं."

डबी निघाली. परवानेवाल्याने जोड उघडून बघितला आणि शिट्टी वाजवली. "मावशी, हा जोड मी फोटो काढून ठेवू का? पोरांना शिकवायला."

"काढ. आणि मग तो काप."

तार तिने ओढली नाही. बाजूला स्टुलावर बसली, हात मांडीवर घट्ट. तो बिचारा घामाघूम झाला, कारण त्याची प्रत्येक हालचाल ती डोळ्यांनी मोजत होती. एकदा त्याने म्हटलं, "तुम्हीच करा की, मी सही करतो."

मावशीने स्टूल त्याच्याजवळ ओढलं.

"नाही," मावशी म्हणाली, फार हळू. "तू कर, तूच सही कर. आणि चिठ्ठी लिही. तारेची जाडी, तारीख, तुझं नाव. परवाना नंबर आहे ना तुझ्याकडे? तो पण लिही, ठसठशीत लिही."

त्याने लिहिली. सातव्या बोर्डामागे आता दोन चिठ्ठ्या झाल्या.

सव्वीसला साहेबांनी पुन्हा मोजलं. सगळं ठीक. त्यांनी ओट्यावर फॉर्म पसरला आणि भरायला घेतला. मी बाजूला उभी, मनात तारखा जुळवत होते. सत्तावीसला अहवाल बँकेत, एकोणतीसला खरेदीखत, तीसला तळमजल्याची किल्ली. साहेबांचं पेन एका रकान्यावर आलं. 'काम करणाऱ्याचे नाव व परवाना क्रमांक.' त्यांनी 'अज्' एवढं लिहिलं तोच मावशी म्हणाली, "थांबा."

"काय झालं?"

"काय लिहिताय?"

"अज्ञात. जुन्या घरांना आम्ही तेच लिहितो. कुणाला माहीत असतं कोणी केलं ते?"

"मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. अकरा वेळा वाचलंय तुम्ही."

"बाई, तुमच्याकडे परवाना नाही. 'अज्ञात' लिहिलं की प्रश्न मिटतो. तुमच्याच सोयीचं आहे."

"अज्ञात म्हणजे जो सापडला नाही तो. मी तुमच्यासमोर उभी आहे. चहा दिलाय तुम्हाला."

आई पुढे झाली. "साहेब, लिहा तुम्ही अज्ञात. तिचं काही ऐकू नका." मीसुद्धा मावशीचा हात धरला. म्हणाले, "मावशी, चार दिवस राहिलेत. एक शब्द आहे गं."

"एकच शब्द आहे ना?" ती म्हणाली. "मग माझा लिहायला काय जातंय? थिएटरला मी तार ओढली, तिथं मालक. शाळेला ओढली, तिथं मालक. माझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यावर, मी कोणी नाहीच? नाही म्हणजे नाही. या कागदावर अज्ञात असेल तर मी हे घर विकत नाही. त्रेसष्ट पायऱ्या मी बसून-बसून उतरेन."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते चिडले नव्हते. त्यांनी मावशीला समजावलं, जसं डॉक्टर समजावतात. "हे बघा. अहवाल सुरक्षिततेचा आहे, तो मी देणारच, नाव कुणाचंही असो. पण तिथं तुमचं नाव लिहिलं, की कचेरीतून तुम्हाला नोटीस निघेल. विनापरवाना काम केल्याची. खुलासा द्यावा लागेल, दंडही होऊ शकतो."

"नोटीस कुणाच्या नावाने येईल?"

"तुमच्याच."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण नाव."

"मग लिहा," मावशी म्हणाली, आणि गॅसवर पुन्हा चहा ठेवला.

साहेबांनी 'अज्' खोडलं. बाजूला सही केली, कारण खोडलेल्या जागी सही लागते. मग मावशीला नाव विचारून, तिच्याकडून एकेक अक्षर तपासून घेत, रकान्यात लिहिलं. परवाना क्रमांकाच्या जागी 'नाही'. शेरा म्हणून खाली लिहिलं: 'प्रत्येक बोर्डात कामाची हस्तलिखित नोंद आढळली. त्रुटीची नोंदही काम करणाऱ्यानेच केलेली होती.' जाताना दारात चपला घालता घालता ते म्हणाले, "सव्वीस वर्षं हे करतोय. भिंतीतून कबुलीजबाब पहिल्यांदाच निघाला."

घर विकलं गेलं. नर्सबाईंनी एकच गोष्ट मागून घेतली: चिठ्ठ्या होत्या तिथेच राहू द्या. मावशी तीस तारखेला तळमजल्यावर आली. बरोबर पेटी, घड्याळ आणि चार वाकड्यातिकड्या टाइल्स. त्या तिने नव्या ओट्यामागे स्वतः बसवून घेतल्या, गवंड्याने सरळ करू का विचारल्यावर त्याला झापून.

नोटीस तीन आठवड्यांनी आली. पोस्टमनने सही मागितली तेव्हा आईने आधी देवापुढे दिवा लावला. मावशीने मला कचेरीतून बोलावून घेतलं. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. "आपण परवाना नसताना उपरोक्त घराचे संपूर्ण विद्युतकाम स्वतः केले असल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. याबाबत पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा."

"सुरुवातीपासून वाच. नावापासून."

मी नावापासून वाचलं. तिने आणखी एकदा वाचायला लावलं. वरती सरकारी शिक्का, जावक क्रमांक, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका कागदावर तिचं नाव आणि 'संपूर्ण विद्युतकाम' एकाच वाक्यात.

मग मी कामाला लागले. खुलासा लिहिणं हा माझा हातखंडा. दीड पान लिहिलं: वय, अल्पशिक्षण, नियमांची माहिती नसणे, दिलगिरी, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. मावशीने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मधोमध फाडलं.

"माहिती नव्हती असं कोण म्हणालं? नियम मला तोंडपाठ आहेत. घे, नवीन कागद घे. मी सांगते ते लिही."

मी लिहिलं. तिने चष्मा लावून तपासलं, खाली पूर्ण नावाने सही केली, आणि पाकिटात घालायच्या आधी एक प्रत काढायला लावली. ती प्रत तिने घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नव्या घराच्या पहिल्या बोर्डामागे ठेवली.

खुलासा दोन ओळींचा आहे. 'आपल्या निदर्शनास आले ते बरोबर आहे. संपूर्ण काम मीच केले.'